बेसिनखालचे बुटके स्टूल

मी एक जुने, बुटके लाकडी स्टूल आहे. बुटके म्हणजे इतके, की मोठे माणूस माझ्यावर बसले तर त्याचे गुडघे हनुवटीला टेकतात. म्हणून मोठी माणसे सहसा माझ्या वाटेला जात नाहीत. ज्यांचे हात बेसिनच्या नळापर्यंत, दिव्याच्या बटणापर्यंत आणि बिस्किटांच्या डब्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांच्यासाठी मी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारख्याच एखाद्या स्टुलावर उभे राहून दात घासायला शिकले असतील. आता तुमची उंची वाढली, म्हणून तुम्हाला ते आठवत नसेल. त्यात काही चूक नाही. उंची वाढावी हेच तर आमचे काम.

माझा जन्म चुकीच्या मापातून झाला. ज्या घरात मी राहते, तिथल्या मुलींचा मामा सुतार आहे. एकदा त्याच्या हातून एका दाराची फळी बोटभर आखूड कापली गेली. आखूड फळी काही ओढून लांब करता येत नाही. ती बरेच दिवस भुशात पडून होती. मग एक दिवस त्याची बहीण सहज म्हणाली, "दात घासायला पोरीला उचलून धरते मी रोज. कंबरेचा काटा ढिला झालाय नुसता." मामाने ती फळी उचलली, तिची बैठक केली, उरलेल्या पट्टीचे चार पाय केले, कडा घासून गोल केल्या आणि शेवटी बूट काढून स्वतः माझ्यावर उभा राहिला. "मला पेललं ना," तो म्हणाला, "आता हत्ती आला तरी चालेल."

हत्ती आला नाही. आली ती त्याची थोरली भाची, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात आईचा पदर घेऊन. पहिल्या दिवशी तिने आरशात स्वतःला पाहिले आणि ब्रश विसरून बराच वेळ तोंडे वेडावली. त्या घरात मला काय काम करायचे आहे, ते मला तिथेच कळले.

थोरलीला घरात 'मास्तरीण' म्हणतात. ती चालायला लागल्यापासून सगळ्यांना शिकवते. बाहुलीला, मांजराला, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही तिने पाना कसा धरायचा ते सांगितले होते. धाकटी आली तेव्हा मास्तरणीला हक्काची विद्यार्थिनी मिळाली. धाकटीचे टोपणनाव गोगल. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करतात, म्हणून लोकांना वाटते हे नाव दुकानातून आले. तसे नाही. ते गोगलगायीवरून आले. तिला जेवायला वेळ, चालायला वेळ, उत्तर द्यायला वेळ. गावाहून अधूनमधून येणारी आजी मात्र सुरुवातीपासून सांगायची, "गोगलगाय नि पोटात पाय. ही काही बोलत नाही याचा अर्थ हिच्या डोक्यात काही चाललं नाही असा नव्हे." आजी बरोबर होती, पण तिचे हे बोलणे कोणी मनावर घेतले नाही.

दोघी मोठ्या होऊ लागल्या तशी माझ्यावरून भांडणे सुरू झाली. सकाळी बेसिनपुढे मी एक आणि दावेदार दोन. आई शहरातली बस चालवते. भांडणे सोडवायला ती बसमधलीच भाषा वापरायची. "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. मग चढा." हे वाक्य ऐकले की मास्तरीण चूळ भरून उतरायची आणि गोगल चढायची. कौतुकही व्हायचे माझे. पाहुणे विचारायचे, "कुठून घेतलं हो हे? छान आहे." आई म्हणायची, "भावानं करून दिलंय." असे म्हणताना ती पायाने मला जरा पुढे सरकवायची, नीट दिसावे म्हणून.

मग तो वसंत ऋतू आला. रस्त्यावरच्या झाडांना पोपटी पालवी फुटली, घरातली पांघरुणे गॅलरीत उन्हात पडली आणि आईची कामाची पाळी बदलली. आता तिला पहिली बस काढायची होती. मुली उठायच्या आत ती निघून जाऊ लागली. सकाळ बाबांच्या अंगावर आली.

दूध, डबा, गणवेश हे बाबांना जमले. अडले ते वेण्यांपाशी. दोघींचे केस लांब, दाट आणि आईने हौसेने वाढवलेले. बाबा मला उचलून बाहेरच्या खोलीत आणायचे, एकेकीला माझ्यावर बसवायचे आणि मागे मांडी घालून बसायचे. ज्या बोटांनी ते तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू चष्म्याच्या दांडीत बसवतात, ती बोटे केसांत शिरली की घाबरायची. पहिल्या दिवशी मास्तरणीची एक वेणी कानावर आली आणि दुसरी मानेवर.

"बाबा, ही वेणी माहेरी गेलीय आणि ती सासरी," मास्तरीण आरशात बघून म्हणाली.

"शाळेत जाईपर्यंत समेट होईल त्यांचा," बाबा म्हणाले.

शाळेत जाईपर्यंत वेण्या सुटल्याच. पण बाबा हटले नाहीत. चष्मा गळ्यात अडकवायच्या ज्या दोऱ्या असतात, त्यांतल्या तीन घेऊन ते दुकानात जेवणाच्या सुट्टीत सराव करू लागले. एका गिऱ्हाइकाला वाटले हा नवा प्रकार आहे, आणि तो वेणी घातलेली दोरी विकत घेऊन गेला. ही गोष्ट बाबांनी घरी रंगवून सांगितली. सगळे हसले. मला तेव्हा या घराचा अभिमान वाटला.

याच दिवसांत माझा एक पाय ढिला झाला. गॅलरीतला दिवा बदलायला बाबा माझ्यावर चढले आणि दिवा काढता काढता एका बाजूला झुकले. स्क्रूने लाकूड सोडले. त्या दिवसापासून मी डुगडुगू लागले. आईच्या ते लगेच लक्षात आले.

"अहो, स्टूल हलतंय. बघा ना जरा."

"आज करतो," बाबा म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरेच करायचे होते. पण संध्याकाळी परत येईपर्यंत ते दमलेले असायचे, आणि रविवारी बाजार, कपडे, मुलींचे अभ्यास. त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली सारली आणि वेळ मारून नेली. पुठ्ठा ओल्या फरशीवर किती टिकणार? मी पुन्हा डुगडुगू लागले. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. मुलीही माझ्यावर भिंतीकडे रेलून कसे उभे राहायचे ते शिकल्या. मित्रांनो, वस्तू मोडली की तिच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. नुसती हलत असली की लोक तिच्याबरोबर हलायला शिकतात.

वेण्यांमुळे बाबांना दुकानात पोहोचायला उशीर होऊ लागला. एका सकाळी गोगल माझ्यावर बसली होती, तिच्या केसांत गुंता झाला होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता.

"काल मालक काय म्हणाले माहितीय?" बाबा म्हणाले. "म्हणाले, जगाला दिसावं म्हणून तुम्ही चष्मे करता आणि तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. तुमच्या या केसांपायी एक दिवस नोकरी जाणार बघा माझी."

मास्तरीण खो खो हसली. बाबाही हसले. गोगलची पाठ माझ्यावर ताठ झाली. ती हसली नाही, पण ती कुठल्याच विनोदाला लगेच हसत नाही, त्यामुळे कोणाला वेगळे वाटले नाही.

ऊन वाढले. शाळेला सुट्टी लागली. खिडक्यांना जाड पडदे लागले आणि दुपारी गल्ली सुनसान राहू लागली. सुट्टीतही वेण्या चुकत नव्हत्या, कारण बाबा गेले की आई येईपर्यंत मुली शेजारच्या मावशींकडे थांबायच्या आणि मावशींना डोळ्यांवर केस आलेले चालत नसत.

त्या दिवशी वेण्या झाल्या होत्या. बाबा आत शर्टाला इस्त्री करत होते. मास्तरीण मांजराला पाढे शिकवत होती. गोगल बाथरूममध्ये आली. तिच्या हातात स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची कात्री होती. तिने दार लावले, मला ओढत दारापाशी नेले, माझ्यावर चढली आणि वरची आडवी कडी सरकवली. ती कडी मुद्दाम उंचावर बसवलेली होती. मुलींचा हात पोहोचू नये म्हणून. पण हात पोहोचवण्यासाठीच तर मला बनवले होते.

मग तिने मला बेसिनपाशी आणले. आरशात बघून एक वेणी कानामागून पकडली आणि कात्री चालवली. केस दाट होते, कात्री बोथट. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. वेणी तुटली आणि माझ्या बैठकीवर पडली. ती बघायला गोगल वाकली, तिचा भार भिंतीकडून सुटून ढिल्या पायावर आला, आणि पाय निखळला.

मी आडवे पडले. कात्री बेसिनमध्ये पडली, हे नशीब. गोगलचे कपाळ बेसिनच्या कडेवर आपटले. भुवईवर खोक पडली आणि रक्त गालावरून फ्रॉकवर आले. ती ओरडली नाही. दाराला टेकून खाली बसली आणि तिने कपाळावर हात धरला.

बाहेर बाबांची पावले धावत आली. "काय पडलं? गोगल? दार उघड बाळा."

गोगलने वर कडीकडे पाहिले. कडी आता फार लांब होती.

बाबांनी दार ढकलले. कडी हलली नाही. "सरक बाजूला, मी दार मोडतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"थांबा बाबा." हा मास्तरणीचा आवाज. तो खालून, दाराच्या फटीतून आला. ती बाहेर फरशीवर पालथी पडून आत बघत होती. "ती दारालाच टेकून बसलीय. दार तिच्या अंगावर जाईल." आणि मग हळू आवाजात, "बाबा, रक्त दिसतंय."

बाबा गुडघ्यांवर बसले. "गोगल, बोल ना गं. लागलं का?"

मास्तरणीने फटीला तोंड लावले. "मला सांग. बाबांशी का बोलत नाहीस?"

"ओरडतील," गोगल कुजबुजली.

ते बाबांनी ऐकले. ते उठले आणि दारापासून लांब जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. हे मला नंतर कळले, त्यांनी आईला सांगितले तेव्हा. त्यांच्या खिशात चष्म्याचा स्क्रू फिरवायचा छोटा पेचकस होता. तेवढा वेळ ते तो मुठीत धरून होते. दाराला त्याचा काही उपयोग नव्हता.

"आता मी सांगते तसं करायचं," मास्तरीण म्हणाली. ती बाहुलीशी बोलते तोच हा सूर होता. "मधे बोलायचं नाही. पंचा घे आणि कपाळावर दाब."

"रडू का?"

"नंतर. आत्ता वेळ नाही. घेतलास पंचा?"

"हो."

"स्टुलावर चढता येईल?"

"त्याचा पाय तुटला."

मला वाटले, आता संपले. माझ्यावाचून तिचा हात पोहोचणार नव्हता आणि मी तिच्या शेजारी लाकडासारखे पडून होते. मी लाकूडच आहे, पण तसे मला त्याआधी कधी वाटले नव्हते.

"कपड्यांचा टब आहे ना," मास्तरीण म्हणाली. "तो पालथा घाल. दाराजवळ. पाणी सांडलंय का तिथे?"

"थोडं."

"आधी पायपुसणं टाक. त्यावर टब. आणि भिंतीला धरून चढ."

गोगलने सगळे केले, आपल्या चालीने. टबावर उभी राहून तिने हात उंच केला. कडी बोटभर वर राहिली.

"नाही पोहोचत, ताई."

"तुटलेला पाय कुठेय?"

गोगल उतरली. माझा पाय बेसिनखाली घरंगळला होता. तिने तो उचलला, पुन्हा चढली आणि पायाच्या टोकाने कडीच्या मुठीला ठोसा दिला. एकदा तो दारावर बसला. एकदा नुसता हवेत गेला. मास्तरीण बाहेरून म्हणत होती, "घाई नाही. तू कुठे कधी घाई करतेस?" मग लाकूड लोखंडावर नेमके बसले आणि कडी खाडकन सरकली.

दार जरासे उघडले आणि बाबांचा हात आत आला. त्यांनी तिला टबावरून उचलले. ती त्यांच्या खांद्यावरून बहिणीकडे बघत होती.

"ताई, आता रडू?"

"रड," मास्तरीण म्हणाली, आणि आधी तीच रडायला लागली.

ते सगळे दवाखान्यात गेले. मी तिथेच पडून होते. माझ्याशेजारी निळ्या रिबिनीची ती वेणी.

दुपारी आई आली. तिला फोन वाटेतल्या एका थांब्यावर मिळाला होता. पण भरलेली बस रस्त्यात सोडून कोणी येऊ शकत नाही. ती सगळी फेरी पुरी करून, प्रत्येक थांब्यावर थांबून, बदली माणसाच्या हाती गाडी देऊन आली होती. ती गणवेशातच बाथरूमच्या दारात उभी राहिली. तिने फरशीवरचे रक्त पुसले. मग मला उचलून तीन पायांवर भिंतीला टेकवून ठेवले, वेणी हातात घेतली आणि टबाच्या काठावर बसून राहिली. चालवताना जे रडता येत नाही ते तिने तिथे उरकून घेतले.

मुली आल्या. गोगलच्या भुवईवर टाके होते आणि त्यावर पांढरी पट्टी. एका खांद्यावर वेणी, दुसऱ्या कानामागे नुसते खुंट. आईने तिला मांडीवर घेतले.

"का कापलीस गं वेणी?"

गोगलने नेहमीसारखा वेळ घेतला. "केसांपायी बाबांची नोकरी जाणार आहे."

बाबा पाणी पीत होते. त्यांनी भांडे खाली ठेवले. "अगं, ते मी गमतीनं म्हटलं होतं. आपण हसलो होतो ना?"

"तुम्ही हसला होतात. मला नव्हतं आलं हसू."

बाबा तिच्यासमोर खाली बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "उशीर होतो तो माझा मला होतो. तुझ्या केसांनी नाही होत. आणि माझी नोकरी कुठे जात नाही. उद्या तू ये दुकानात, मालकांनाच विचार."

दुसऱ्या दिवशी ती खरेच गेली. मालकांनी तिला काचा पुसायचे मऊ फडके दिले आणि सांगितले, तुझे बाबा इथेच राहणार. हे तिने घरी येऊन सगळ्यांना दोनदा सांगितले.

पण त्याआधी, ती पडली त्याच संध्याकाळी, आईने तिचे उरलेले केस कापून सारखे केले. मान मोकळी झाली, कान दिसू लागले. गोगल आरशात बघून म्हणाली, "हलकं वाटतंय." मग आईने मास्तरणीकडे पाहिले. "तुझेही कापूया का? उन्हाळ्यात बरं. सकाळची घाईही वाचेल."

मास्तरणीने दोन्ही वेण्या मुठीत धरल्या. "नको. बाबांना आता कुठे जमायला लागलंय."

बाबा उठून गॅलरीत गेले. बराच वेळ ते तिथे काही न करता उभे होते.

त्या रविवारी बाजार राहिला, कपडे राहिले. चौघे जण मला मधोमध ठेवून बसले. बाबांनी जुना स्क्रू काढून भोक साफ केले, आईने पाय धरला, मास्तरणीने गोंद किती घ्यायचा ते सांगितले. आधीपेक्षा लांब स्क्रू बसला. वाळेपर्यंत मला सुतळीने आवळून ठेवले. गोगल माझ्याजवळ पहारा देत बसली. कोणी जवळ आले की ती आईच्या सुरात म्हणायची, "पुढच्या गाडीने या. ही बंद आहे." मांजर आले तरी तिने हेच सांगितले. मी आजवर पुष्कळांना उभे केले होते. माझ्यासाठी कोणी बसून राहण्याची ती पहिलीच वेळ.

आता माझ्या एका पायाभोवती गोंदाचा पिवळा ओघळ आहे. दिसायला तो चांगला नाही, पण पाय पक्का आहे. मी डुगडुगत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसते. आम्ही हलतो, करकरतो, गळतो. तेच आमचे बोलणे समजा आणि 'उद्या करतो' म्हणण्याआधी एकदा आमच्याकडे वाकून बघा. घरातल्या लहान माणसांना मात्र तोंड असते, तरी कधी कधी ती आमच्यासारखीच गप्प राहतात. सगळे हसत असताना एखादी हसली नाही, तर तिलाही विचारा. तिला उत्तर द्यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तिच्याजवळ बसा. बसायला काही नसेल तर माझ्यावर बसा. गुडघे हनुवटीला टेकतील, पण तुम्ही नेमके तिच्याएवढे व्हाल.